कोणाच्या शब्दावर?

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत घरातल्या तरुण मुलाला एक प्रश्न ठरलेला असतो : "सध्या कुठे असतोस?" ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एखाद्या संस्थेचे नाव. ते नाव मोठे असले, तर विचारणाऱ्याचा चकलीकडे निघालेला हात क्षणभर थांबतो आणि मुलाकडे नव्याने पाहिले जाते. नाव अनोळखी असले, तर "असं का, छान!" एवढे म्हणून लाडवांची बशी पुढे सरकवली जाते. त्या मुलाने गेल्या तीन वर्षांत काय वाचले, त्याला काय उमजले, काय अडले, हे दोन्ही प्रसंगी कोणी विचारत नाही. ते काम नावाने परस्पर उरकलेले असते.

फराळाच्या बैठकीत ह्याने फारसे बिघडत नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या प्रवेशसमितीपुढे येतो, तेव्हा त्याच्या उत्तरावर एका माणसाच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा ठरते. दिवाळीच्या आगेमागेच तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची काही मुले अर्ज भरीत असतात. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी लागणाऱ्या 'जॅम' परीक्षेचे अर्ज ह्याच सुमारास भरले जातात; अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते. त्या अर्जांतला कॉलेजाच्या नावाचा रकाना भरताना मुलाची लेखणी जरा अडखळते. 'आपले कॉलेज तिकडे कोणाला ठाऊक असणार?' ही शंका त्याच्या मनात असतेच. आणि घरी वडिलांच्या मनात, बोलून न दाखवलेली, आणखी एक शंका असते : 'मुलाला जरा मोठ्या कॉलेजात घालायला हवे होते का?'

ह्या शंकांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो मला दिवाळीच्या निवांत दिवसांत घरच्या सगळ्यांनी मिळून विचारात घेण्याजोगा वाटतो. ज्याला आपण ओळखत नाही आणि ज्याच्या गावाचे नावही आपण ऐकलेले नाही, त्याच्या गुणांवर विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा?

प्रथम दाराआड बसलेल्या माणसाची बाजू पाहू. त्याला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. त्याच्यापुढे शेकडो अर्जांचा ढीग असतो आणि जागा मोजक्याच असतात. एका विद्यापीठाचे ७८ टक्के आणि दुसऱ्याचे ७८ टक्के ह्यांचे वजन सारखे नसते. कुठे गुणांची खैरात असते, कुठे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत कंजुषी. मग तो वेळ वाचवण्यासाठी नावाचा आधार घेतो. आपणही दुसरे काय करतो? पेटीवर 'देवगड' लिहिलेले पाहिले की प्रत्येक आंबा हुंगून पाहण्याचे कष्ट आपण घेत नाही. नाव म्हणजे पूर्वी कोणीतरी घेतलेल्या परीक्षेचा निकाल. तो निकाल आयता वापरण्यात पाप नाही. पाप नसले तरी त्याची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती मोजणारा माणूस बहुधा दाराबाहेर उभा असतो.

आपल्याकडे ह्या विचाराला एक म्हणही हाताशी आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? लहान कॉलेजात विद्या नाही, तर त्या कॉलेजातून आलेल्या मुलात ती कोठून असणार? म्हण जितकी चटकदार, तितकीच येथे ती अपुरी आहे. आपल्या बहुतेक कॉलेजांची व्यवस्था पाहा. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली. अशा विद्यापीठांना जोडलेली कॉलेजे शहरांत आहेत तशी आडगावांतही आहेत. स्वायत्त कॉलेजे सोडली, तर एका विद्यापीठाच्या छत्राखाली अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीवरचा शिक्काही एकच. आडगावच्या कॉलेजात शिकवले जाणारे कलन किंवा उष्मागतिकी वेगळी नसते. वेगळे असते ते दुसरेच. प्रयोगशाळेतली उपकरणे जुनी असतात, ग्रंथालयातली पुस्तके क्रमिक असतात, आणि आपल्यापेक्षा हुशार असा सोबती शेजारच्या बाकावर क्वचितच असतो. ह्या सगळ्यांहून मोठी उणीव म्हणजे त्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला मोठ्या संस्थेत कोणी ओळखत नाही. पाणी आहे; पण पाणी आहे असे सांगणाऱ्याच्या शब्दाला तिकडे वजन नाही.

अनोळखी माणसाची पारख करण्याचे दोन मार्ग माणसांनी शोधले आहेत. एक परीक्षेचा आणि दुसरा साक्षीचा.

परीक्षेचे मोठे पुण्य हे, की ती नाव विचारत नाही. आपल्या विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, नाव नसते. तपासणाऱ्याला समोरचे अक्षर कलेक्टरच्या मुलीचे आहे की कोतवालाच्या मुलाचे, हे कळायला मार्ग नसतो. 'जॅम' २००४ पासून आहे. बी.एस्सी. कोठून झाले, ह्याला तेथे महत्त्व नसून त्या परीक्षेत मिळालेला क्रमांक पाहिला जातो. आडगावच्या कितीतरी मुलामुलींना आयआयटीचे दार ह्याच वाटेने उघडले आहे. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत अनेक विभागांनी 'जीआरई' परीक्षेची अट काढून टाकली. परीक्षेची फी गरिबांना जड जाते आणि तिच्या गुणांवरून पुढचे संशोधन कसे होईल ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे खोटे नाही. परंतु परीक्षा गेली, की अनोळखी कॉलेजाच्या मुलाजवळचे एक नाणे बाजारातून बाद होते. 'मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' ह्या संस्थेने पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी अशी परीक्षा मध्यंतरी ऐच्छिक केली होती. २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, आणि कारण देताना सांगितले, की साधने कमी असलेल्या शाळांतली गुणी मुले ओळखायला ह्या परीक्षेची मदतच होते.

तरीही परीक्षेला सगळे दिसत नाही. तीन तासांत जे मावते तेवढेच तिला दिसते. एकाच प्रश्नाला महिनाभर चिकटून राहण्याची चिकाटी, फसलेला प्रयोग पुन्हा मांडण्याचा धीर, पुस्तकात नसलेली शंका विचारण्याचे धाडस, हे संशोधकाचे खरे भांडवल. आणि ते उत्तरपत्रिकेत उमटत नाही. तेथे दुसरा मार्ग लागतो, साक्षीचा. ह्या मुलाला वर्षानुवर्षे जवळून पाहिलेल्या कोणीतरी सांगावे लागते, की हा असा आहे. म्हणूनच पीएच.डी.च्या अर्जाबरोबर बहुधा तीन शिफारसपत्रे मागतात.

परीक्षेने ज्याला नाकारले आणि साक्षीने ज्याला तारले, अशा एका माणसाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण आपण ती अर्धीच सांगतो. श्रीनिवास रामानुजन १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. गणितापुढे बाकीचे विषय त्यांना दिसेनात. परीक्षेत ते नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैय्यप्पा कॉलेजातही एफ.ए.ची परीक्षा त्यांना पार करता आली नाही. पदवी नाही, नोकरी नाही, जवळ फक्त सूत्रांनी भरलेल्या वह्या. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर ते कारकून झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना पत्र लिहिले. हार्डींनी आपले सहकारी लिटलवुड ह्यांच्यासह ती सूत्रे एका संध्याकाळी तपासली आणि हा माणूस असामान्य आहे असा निर्वाळा दिला. १९१४ च्या एप्रिलात रामानुजन इंग्लंडात पोहोचले. १९१६ साली संशोधनाच्या बळावर केंब्रिजची बी.ए. पदवी त्यांना मिळाली आणि १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

ही गोष्ट आपण मुलांना अशी सांगतो, की जणू एक पत्र टपालात पडले आणि दार उघडले. मात्र त्याआधी केंब्रिजच्याच दोन नामांकित प्राध्यापकांकडे रामानुजनांनी लिहिले होते आणि तेथून काही निष्पन्न झाले नव्हते. शिवाय हार्डींच्या पत्राआधी आणि नंतर मद्रासेत साक्षीदारांची एक साखळी उभी होती. डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर ह्यांनी १९०७ साली भारतीय गणित परिषद स्थापली होती. रामानुजन त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी त्या वह्या पाहिल्या आणि आपल्या हाताखाली कारकुनी देण्याऐवजी मद्रासच्या गणितज्ञ मित्रांच्या नावे पत्रे दिली. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यांना शिकवलेले शेषु अय्यर ह्यांनी आपल्या नापास झालेल्या विद्यार्थ्याला हाती धरून नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव ह्यांच्याकडे पाठवले. रामचंद्र रावांनी काही काळ स्वतःच्या पदरचे पैसे देऊन त्याला पोसले. वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९१३ च्या फेब्रुवारीत मद्रासेस आले, त्यांनी वह्या पाहून विद्यापीठाला लिहिले; आणि पदवी नसलेल्या त्या माणसाला मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी केंब्रिजचे नेव्हिल मद्रासेस आले असता त्यांनी रामानुजनांचे मन वळवले आणि विद्यापीठाकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. विलायतेतल्या खर्चासाठी वर्षाला २५० पौंड मंजूर झाले.

ह्या साखळीतला शेषु अय्यर हा दुवा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हार्डींजवळ केंब्रिजचे नाव होते, वॉकरांजवळ सरकारी अधिकार होता. शेषु अय्यर एका लहान गावच्या कॉलेजातले शिक्षक होते. कॉलेजाच्या दप्तरात 'अनुत्तीर्ण' म्हणून नोंद झालेल्या मुलाबद्दल त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. आज आडगावच्या कॉलेजात असलेल्या मुलाला हार्डी भेटेल की नाही, हे दैवाच्या हाती आहे. शेषु अय्यर भेटेल की नाही, हे आपल्या हाती आहे.

आणि येथेच मन खिन्न होते. शिफारसपत्र मागायला विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीत जातो, तेव्हा काय घडते? "सर, शिफारसपत्र हवं होतं." "हो, हो, देऊ की. तू लिहून आण, मी सही करतो." हा संवाद आपल्या कॉलेजांत इतका रुळला आहे, की त्यात काही वावगे आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. प्राध्यापकांना तासिकांचे ओझे असते, परीक्षांची कामे असतात. इंग्रजीत असे पत्र लिहिण्याची सवय नसते आणि ते कसे लिहावे हे त्यांना कधी कोणी सांगितलेले नसते. त्यांच्या मनात कपट नसते. उलट सही नाकारणे त्यांना निष्ठुरपणाचे वाटते. मुलगा सरांना 'नाही' म्हणू शकत नाही. तो घरी जातो, कोठून तरी एक नमुना मिळवतो आणि स्वतःविषयी लिहितो, की माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात इतका बुद्धिमान विद्यार्थी मी पाहिला नाही. ज्याचे स्वतःचे वय एकवीस, त्याच्या लेखणीतून वीस वर्षांचा अनुभव बोलू लागतो! दुसऱ्या दिवशी सही होते, शिक्का उठतो आणि एक खोटी साक्ष देशाबाहेर रवाना होते.

यात नुकसान कोणाचे? पहिले नुकसान त्या मुलाचेच. एकवीस वर्षांच्या मुलाला स्वतःला बाहेरून पाहता येत नाही. स्वतःत खरोखर काय विशेष आहे, हे त्याला माहीत नसते; तो पाठ केलेली विशेषणे लिहितो. त्यामुळे त्याचे पत्र इतर शंभर पत्रांसारखे होते, आणि ज्या दाराशी त्याला वेगळे दिसायला हवे होते तेथे तो गर्दीत मिसळून जातो. दुसरे नुकसान प्राध्यापकांचे. त्यांच्या सहीची किंमत त्यांनीच उतरवलेली असते. तिसरे नुकसान मात्र ज्याचे होते, तो ह्या व्यवहारात हजरच नसतो. पाच वर्षांनी त्याच कॉलेजात एखादी खरोखर असामान्य मुलगी येईल. तिच्याबद्दल त्याच प्राध्यापकांनी अगदी खरे लिहिले, की अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही, तरी ते वाक्य पलीकडे कोणी खरे मानणार नाही. ते वाक्य त्या कॉलेजाने आधीच दहा जणांवर उधळून टाकलेले असेल.

गावच्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखेच हे आहे. ज्या घराने वेळच्या वेळी पैसे फेडले, त्या घरचे लहान पोर एकटे दुकानात गेले तरी वाणी तेल, गूळ बांधून देतो. पोराकडे पाहून नव्हे, वहीकडे पाहून. ज्या घराने बुडवले, त्या घरचे पोर प्रामाणिक असले तरी रिकाम्या हाताने परत येते. प्रत्येक शिफारसपत्र म्हणजे कॉलेजाच्या खात्यावर केलेली उधारी आहे. नामांकित कॉलेजाचे खाते मोठे. दोनचार पत्रांतली अतिशयोक्ती तेथे पचून जाते. अनोळखी कॉलेजाचे खाते नव्याने उघडायचे असते. तेथे पहिलीच नोंद खोटी निघाली, तर खाते बंद होते. म्हणून मोठ्यांना एक वेळ परवडणारे असत्य लहानांना मुळीच परवडत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, "जग असेच आहे. सगळेच फुगवून लिहितात. आपल्याच सरांनी खरे लिहिले, तर आपलाच मुलगा मागे पडेल." ह्या आक्षेपात आईबापांची खरी काळजी आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. खरे लिहिणे म्हणजे कमी लिहिणे, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. विशेषण कोणालाही लावता येते. पाहिलेली गोष्ट पाहिलेल्यालाच सांगता येते. समजा, एखाद्या प्राध्यापकांनी असे लिहिले : 'आमच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही. ह्या मुलीने त्यावरच्या एका पुस्तकाची पहिली पाच प्रकरणे स्वतः सोडवली आणि दर शनिवारी वही मला दाखवली. तिसऱ्या प्रकरणातली दोन उदाहरणे तिला सुटली नाहीत. ती तिने महिनाभर सोडली नाहीत. त्यांपैकी एक शेवटी तिने पुस्तकाहून निराळ्या रीतीने सोडवले. आमच्या प्रयोगशाळेत हवे ते उपकरण नव्हते. तिने जुन्या दोन उपकरणांचे भाग जुळवून काम भागवले. इंग्रजी बोलताना ती अजून अडखळते.' ह्या पत्रात एकही मोठे विशेषण नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मुलगी उभी राहते. आणि शेवटचे वाक्य तिच्या विरुद्ध असूनही तिच्या उपयोगी पडते. उणे सांगणाऱ्याचे अधिकही खरे असणार, असे माणसाचे मन नकळत मानते.

असे पत्र लिहायचे, तर ते लिहिण्याजोगे काही घडलेले असावे लागते. ती जबाबदारी विद्यार्थ्याची. पहिल्या बाकावर बसून पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलाला सर ओळखतात. पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखे त्यांच्याजवळ गुणपत्रिकेपलीकडे काही नसते. शंका घेऊन खोलीत जाणे, न नेमलेले पुस्तक मागणे, अडलेले कबूल करणे, ही साक्ष निर्माण करण्याची रीत आहे. कॉलेजाच्या भिंतीबाहेरही साक्षीदार मिळवता येतो. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी 'एमटीटीएस' हा उन्हाळी प्रशिक्षणाचा उपक्रम १९९३ पासून चालतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा कार्यक्रम २००४ साली सुरू केला. देशातल्या विज्ञान अकादमींनी उन्हाळ्यात संशोधकांच्या हाताखाली काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. अशा ठिकाणी चारसहा आठवडे काम केलेल्या मुलाला ज्याच्या शब्दाला पलीकडे वजन आहे असा माणूस प्रत्यक्ष पाहतो. ह्या वाटांची नुसती माहिती वेळेवर मिळणे, हाच शहरातल्या आणि आडगावातल्या मुलांमधला केवढा मोठा फरक आहे! ती माहिती सूचनाफलकावर लावणे, एवढे तरी कोणत्याही कॉलेजाला जमण्यासारखे आहे.

आपल्या कॉलेजाबद्दल अर्जात काय लिहावे, असेही मुले विचारतात. लपवू नये आणि रडूही नये. आमच्याकडे अमुक नव्हते, म्हणून मी अमुक केले, एवढे सांगावे. उणिवेची सबब केली तर ती कोणाला ऐकवत नाही. उणीव असताना काय केले ते मात्र लोक कान देऊन ऐकतात.

सत्य साक्ष दिली, की दार उघडतेच, असे कोणी ह्यावरून समजू नये. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. होऊन १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. त्यांच्या योग्यतेला पुरावा हवा होता असे नाही. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन ह्यांनी त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. तेव्हा अटी घालून, पहिले वर्ष कसोटीचे ठरवून त्यांना घेण्यात आले. १९३६ साली त्यांनी आपली पदवी मिळवली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. दाराआडचा माणूस कितीही विद्वान असला, तरी त्याची नजर अंध असू शकते, हे ह्यावरून दिसते. म्हणून साक्षीदाराचे जसे कर्तव्य आहे, तसे निवाडा करणाऱ्याचेही आहे. प्रत्येक अर्जाला सारखा वेळ देणे त्याला शक्य नाही, हे मान्य. पण कॉलेजाचे नाव अनोळखी आहे म्हणून अर्ज बाजूला ठेवण्याऐवजी, नाव अनोळखी आहे म्हणूनच त्याचे पत्र शेवटपर्यंत वाचणे, एवढे न्यायाने त्याच्याकडून मागता येते. हार्डींनी रामानुजनांसाठी जे केले, ते मुळात एवढेच होते : त्यांनी पाने उलटून पाहिली.

आणि दार उघडलेच नाही तर? ज्या नावाच्या मोहाने आपण लहान कॉलेजावर अन्याय करतो, तोच मोह पुढच्या संस्थेच्या बाबतीत आपल्यालाही असतो, हे येथे ओळखले पाहिजे. 'पहिल्या पाचांत नाही तर काहीच नाही' असे म्हणणारा मुलगा स्वतःच आता नावावरून पारख करू लागलेला असतो. वेंकटरामन रामकृष्णन ह्यांनी १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.एस्सी. केली आणि १९७६ साली ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेतल्या नामावळीत अग्रभागी घेतले जाणारे हे विद्यापीठ नव्हे. पीएच.डी. झाल्यावर त्यांना जीवशास्त्राची ओढ लागली, म्हणून ते पुन्हा विद्यार्थी होऊन कॅलिफोर्नियात गेले. पुढे प्राध्यापकीसाठी त्यांनी सुमारे पन्नास विद्यापीठांकडे अर्ज केले. एकानेही घेतले नाही. २००९ साली रायबोसोमवरील कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांबरोबर विभागून मिळाले. नकार मिळालेल्या प्रत्येकाला नोबेल मिळते, असे अर्थातच नाही. पण नकार देणारे पन्नास जण एकाच वेळी चुकू शकतात, एवढे ह्यातून निश्चित कळते. आणि नकार आलेल्या संध्याकाळी आईबापांनी मुलाला सांगायला एवढे पुरेसे आहे.

राहता राहिला तो, ज्याला दार उघडले. त्याच्या माथ्यावर मी एक ऋण मानतो. मोठ्या संस्थेत गेलेल्या मुलाच्या परिचयातून त्याचे पहिले कॉलेज हळूहळू गळते. विचारणाऱ्याला तो नंतरच्या संस्थेचे नाव सांगतो आणि आडगावचे नाव सांगत नाही. ह्याला कृतघ्नपणा म्हणणे कठोर होईल; तो बहुधा संकोच असतो. परंतु त्या संकोचाचे फळ पुढच्या मुलांना भोगावे लागते. त्याने तेथे चांगले काम केले आणि आपण कोठून आलो ते मोकळेपणाने सांगितले, तर त्या कॉलेजाच्या खात्यावर पहिली जमा पडते. पुढच्या वर्षी त्याच सरांचे पत्र आले, की कोणीतरी म्हणते, 'मागे ह्यांनी पाठवलेला मुलगा त्यांनी लिहिल्यासारखाच निघाला.' त्या दिवशी ते कॉलेज अनोळखी राहत नाही.

महाराष्ट्राला हा धर्म नवा नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शाळामास्तरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिक्षण अडले, तेव्हा त्यांच्यासाठी सयाजीराव महाराजांकडे रदबदली केली. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, भीमराव बी.ए. झाले, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर मास्तरांजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. मुंबईतल्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाला त्यांनी नीट पाहिले होते, आणि जे पाहिले ते योग्य माणसाजवळ जाऊन सांगितले.

ह्या दिवसांत आपल्या घरी किंवा शेजारी एखादी मुलगी अर्ज भरीत बसली असेल, तर तिला कॉलेजाच्या नावावरून दोष देऊ नका आणि खोट्या धीरानेही फुगवू नका. तिने काय केले ते तिला विचारा, आणि सगळे ऐकून घ्या. आणि आपण स्वतः शिक्षक असाल, तर तिने लिहून आणलेल्या कागदावर सही करण्याआधी तिला खुर्ची द्या, तो कागद बाजूला ठेवा, आणि तिच्याबद्दल आपण स्वतः काय पाहिले आहे ते आठवून स्वतःच्या हाताने लिहायला घ्या. पत्र चार ओळींचे झाले तरी चालेल.